दुपारचे दोन तास : अनुवादासाठी कोणती भाषा शिकू?

सोलापूरच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. वय छत्तीस, मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, दोन्ही मुलं शाळेत जाणारी. त्या लिहितात, "दुपारचे दोन तास माझे असतात. भिशीचे पंधरा हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. अनुवादाचं काम करावं असं फार मनात आहे. भाऊजी म्हणतात जपानी शिका, जाऊबाई म्हणतात जर्मन. मी कोणती भाषा निवडू?" आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य : "आजोळ विजापूरचं, त्यामुळे कन्नड समजतं, पण लिहिता-वाचता येत नाही."

ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे. पण आधी भाऊजींचं आणि जाऊबाईंचं म्हणणं नीट तपासून पाहू.

जपानी आणि जर्मन या भाषांना पैसा आहे, हे खरंच. पुण्याच्या आसपास त्या देशांच्या कंपन्या आहेत आणि त्यांना दुभाषे, अनुवादक लागतात. जपानीची वाक्यरचना आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. पण लिपी? नित्य वापराच्या चित्राक्षरांची सरकारी यादीच २,१३६ अक्षरांची आहे! परीक्षेच्या पाच पायऱ्या, एन-५ पासून एन-१ पर्यंत, आणि एन-२ च्या अलीकडे अनुवादाचं काम सहसा हाती येत नाही. जर्मनच्या पायऱ्या सहा, ए-१ ते सी-२. तिथे बी-२ म्हणजे उंबरठा, खरं काम त्यापुढे. आपल्यासारखीच तीन लिंगं त्या भाषेत आहेत, पण सूर्य मात्र स्त्रीलिंगी! अशी शेकडो नावं लिंगासकट पाठ करावी लागतात.

रोज दोन तास धरले तरी यात तीन-चार वर्षं सहज जातात आणि सगळ्या पायऱ्यांना मिळून पंधरा हजार पुरायचे नाहीत. बरं, कंपनीचं काम म्हणजे यंत्रांची माहितीपत्रकं, करार, नकाशांवरच्या सूचना. त्या विषयाची थोडी तरी जाण हवी. घरखर्चाला हातभार लावणं ही आजची निकड असेल, चार वर्षं धीर धरता येत असेल आणि अशा मजकुराचा कंटाळा नसेल, तर जरूर शिका. पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, जर्मनसाठी मॅक्समुल्लर भवन आहे, शिवाय आता घरबसल्या शिकवणारे वर्गही निघाले आहेत. पण वर्षभरात दमून सोडलं, तर पैसेही गेले आणि उमेदही गेली. भीती आहे ती याची.

आणखी एक गोष्ट. आता मोबाइलवर बोट टेकवलं की भाषांतर होतं. साध्या पत्रांचं, जाहिरातींचं काम यंत्राने बरंचसं नेलं. पुष्कळदा यंत्राने केलेला मजकूर तपासून द्या, एवढंच माणसाला सांगतात. तपासणारीला भाषा थोडीशी येऊन कसं चालेल? सासूबाईंनी "या हो, सवड झाली का?" म्हटलं, तर ते स्वागत की टोमणा, हे ओळखणारा कान हवा. तो कान वर्गात हळूहळू तयार होतो. आजोळच्या ओसरीवर तो आपसूक तयार झालेला असतो.

म्हणून ताई, माझं मत कन्नडला. अक्षरांचा क्रम आपल्याच अ-आ-इ-ई, क-ख-ग-घसारखा. कान तयार असल्यामुळे दोन-तीन महिन्यांत अडखळत का होईना, वाचू लागाल. मग मुलांची पुस्तकं, वर्तमानपत्र, त्यानंतर कथा. उमा कुलकर्णी यांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. बेळगावात वाढलेल्या उमाताईंनी एस. एल. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष', 'पर्व' अशा कादंबऱ्या मराठीत आणल्या. 'वंशवृक्ष'साठी त्यांना साहित्य अकादमीचा १९८९ चा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यांचे पती विरूपाक्ष यांनी उलट्या वाटेने, मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद केले.

मात्र एक स्पष्ट सांगते. पुस्तकांच्या अनुवादावर घर चालत नाही. मानधन बेताचं आणि तेही उशिरा. साडीचोळीपुरतं म्हणा हवं तर. पुढे कागदपत्रं, माहितीपत्रकं अशी कामं मिळाली तर भर पडेल. तेव्हा हे काम आवडीचं म्हणून धरायचं की कमाईचं म्हणून, हे आधी स्वतःशी ठरवा.

बाकीच्या मैत्रिणींनीही आपापल्या आसपास कान द्यावा. नंदुरबारला गुजराती आहे, नांदेडकडे तेलुगू, मालेगावात उर्दू. गोव्यात १९६१ पूर्वीचे दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये आहेत, तिथे ती भाषा जाणणाऱ्याची गरज लागते. हिंदीचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा : केंद्र सरकारच्या कनिष्ठ अनुवादकाच्या जागेला पदव्युत्तर पदवी लागते आणि सर्वसाधारण गटाला वयाची अट तीस वर्षांची आहे. पंचविशीतल्या लेकीसुनांनी ती वाट आजच पाहावी.

वर्गाची फी भरण्यापूर्वी घरच्या घरी एक परीक्षा घ्या. हिंदी किंवा इंग्रजी, जी भाषा वाचता येते, तिच्यातलं एक पान मराठीत उतरवा. वही आठ दिवस कपाटात ठेवा. मग मूळ पान न बघता नुसतं मराठी मोठ्याने वाचा. कुठे अडखळलात, तिथे खूण करा. खुणा दहाच्या वर गेल्या, तर परकी भाषा शिकण्याआधी सहा महिने चांगलं मराठी वाचा. आपण लिहिणार मराठीत, तेव्हा मराठी कच्चं राहून चालायचं नाही.

आणि हो, अनुवाद छापायचा असेल तर मूळ लेखकाची लेखी परवानगी हवी. लेखक हयात नसेल तर वारसांची. आपल्या कायद्याप्रमाणे हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. वर्षभर खपून पुस्तक उतरवलं आणि परवानगीच मिळाली नाही, असं होऊ देऊ नका. आधी एक पत्र टाका, मग लेखणी हातात घ्या.

ताई, भिशीचे पैसे तूर्त तसेच राहू द्या. त्यातले थोडे अंकलिपीला आणि एका चांगल्या कन्नड-मराठी शब्दकोशाला पुरे आहेत. मामींना फोन करून सांगा, यापुढे माझ्याशी कन्नडमध्येच बोलायचं. दिवाळीपर्यंत किती पानं वाचून झाली, ते मात्र जरूर कळवा हं.