आपल्या थंडीची वीण

आमच्या खापर गावच्या थंडीचं स्वेटर विणकामाच्या पुस्तकांत सापडत नाही. ती पुस्तकं सिमल्याच्या थंडीसाठी लिहिलेली. वर सातपुड्यात डाबकडे दवाचा बर्फ होतो, पण इथं पायथ्याशी पहाटे कुडकुडायचं आणि दहाच्या उन्हात अंगावरचं उतरवायचं. म्हणून आमच्याकडच्या पोराला लागतं ते पातळ, पुढून उघडणारं, एका हाताने काढता येणारं. मी स्वतः वीण मांडायला लागले ती या गरजेतून. आता गरज मागे पडली आहे आणि मांडण्याचाच नाद लागला आहे.

यात अवघड वाटतं तेवढं काही नाही. लोकर आणि सुई ठरवायची, वीतभर नमुना विणायचा आणि दहा सेंटिमीटरमध्ये टाके किती, ओळी किती, ते मोजायचं. आपल्याकडे बॉर्डरला 12 नंबर, अंगाला 10 नंबरची सुई घेतात. नंबर मोठा तशी सुई बारीक. अमेरिकेचं पुस्तक हाती घेतलं तर सावध राहावं, तिथं नंबर उलटे चालतात. त्यांची 10 नंबरची सुई चांगली सहा मिलिमीटर जाड असते.

माझ्या नमुन्यात 24 टाके आणि 32 ओळी आल्या. भाच्याची छाती 60 सेंटिमीटर, त्यात सैलपणाला सहा. 66 सेंटिमीटरचे टाके होतात 158. नक्षी दहा टाक्यांची, म्हणून 160 धरले. वहीच्या पानावर हा आकडा उतरला की मला फार बरं वाटतं. हे माप कुणी छापलेलं नसतं, एका ओळखीच्या अंगावरून ते घेतलेलं असतं.

नक्षी सुचली काठी गावच्या होळीवरून. आपल्याच अक्कलकुवा तालुक्यातली ही राजवाडी होळी पहाटे पेटते. नवसाने सजून नाचणाऱ्या बुध्यांच्या डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला दुधी आणि घुंगरं, अंगभर पांढरे ठिपके. तो त्यांचा नवस आहे, त्यांची नक्षी जशीच्या तशी स्वेटरवर उतरवणं मला योग्य वाटत नाही. मी घेतलं ते एवढंच, गडद अंगावर पांढरा गोल किती उठून दिसतो ते.

आणि त्या गोलानेच मला सगळ्यात जास्त शिकवलं. सुलट विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो. चौकटीच्या वहीत काढलेला गोल लोकरीत उतरला की चपटा होतो. माझ्या मापाला सहा टाके रुंद आणि आठ ओळी उंच असा ठिपका धरावा लागतो, वहीत तो अंड्यासारखा उभट दिसतो. विणल्यावर दोन्ही बाजूंनी बरोबर अडीच सेंटिमीटर. ठिपक्याच्या मागून जाणारा गडद धागा मध्ये एकदा पांढऱ्यात अडकवायचा, नाहीतर घालताना पोराची बोटं त्यात गुंततात.

इंग्लंडमध्ये जन्मून अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहिलेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी 1971 च्या ‘निटिंग विदाउट टिअर्स’ या पुस्तकात बाह्यांसाठी एक साधा हिशेब दिला. अंगाचे टाके 100 धरा; मनगटाला त्याचे वीस टक्के, दंडाला साधारण तेहतीस. 160 ला मनगटाचे 32 होतात, दंडाचे 53-54. विणणारीने हुकूम मानत बसू नये, स्वतः विचार करावा, हा त्यांचा आग्रह मला मनापासून पटतो. आपल्या आया-मावश्या समोरच्याच्या पाठीला वीत लावून टाके घालायच्या, त्यांचंही चालणं याच वाटेचं.

अंग विणून झालंय, बाह्या राहिल्यात. ठिपके एकाच बाहीवर हवेत, दुसरी कोरी, असं भाच्याने बजावलंय. कोऱ्या बाहीला मागचा धागा नाही, म्हणजे ती पातळ होणार आणि टाकेही सैल पडणार. तिला 11 नंबरची सुई पुरते का, ते या आठवड्यात नमुना विणून बघते आहे.