शिवाराचा हिशेब शिवारासमोर

आम्ही कोरडवाहू शेतकरी. दोन-चार एकरांत सोयाबीन, तूर, कापूस पेरणारे. २०२३चा ऑगस्ट हा देशातला १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन फुलोऱ्यात पावसाने ओढ दिली. नुकसान झाले गावागावात वेगवेगळे. पीक विम्याने मोजले ते महसूल मंडळ. अनेक गावांचे एक मंडळ, त्यात मोजके पीक कापणी प्रयोग आणि साऱ्यांची मिळून एक सरासरी. आमचे गाव कोरडे राहिले, पण शेजारच्या गावात पडलेल्या पावसाने आमची भरपाई बुडवली.

आज आकाशात दुसरे मोजमाप सुरू आहे. सेंटिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी आमचे शिवार टिपतात, दहा मीटरचा तुकडाही वेगळा दाखवतात. ढग दाटले तर सेंटिनेल-१चे रडार ढगांआडचे पाहते. ही माहिती साऱ्या जगाला मोफत खुली आहे. तिच्यावरून आमच्या पिकाच्या नुकसानीविषयी काय ठरते, ते मात्र आमच्या चावडीपर्यंत पोहोचत नाही.

आम्ही मानतो की विमा हा करार आहे आणि करारातले माप दोन्ही बाजूंना दिसले पाहिजे. आम्ही मानतो की उपग्रह हा साक्षीदार आहे. निवाडा त्याच्या एकट्याच्या साक्षीवर होऊ नये. वरून हिरवेगार दिसणारे सोयाबीन शेंगेत पोचट निघते. आंतरपिकातली तूर सोयाबीनच्या हिरव्यात मिसळून जाते. म्हणून आकाशातल्या नजरेला बांधावरची नजर जोडलीच पाहिजे.

१९७२च्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी घडवली आणि १९७७ साली कामाचा हक्क कायद्यात लिहिला. आता आमच्या नुकसानीचे माप पाहण्याचा आणि तपासण्याचा हक्क आम्ही लिहून घेणार आहोत.

विम्याचे एकक गाव असेल. उंबरठा उत्पन्न, म्हणजे ज्याच्या खाली गेल्यास भरपाई मिळते ते उत्पन्न, आणि हंगामाचे उत्पन्न यांचे चावडीवाचन होईल. आक्षेपाला मुदत मिळेल, उत्तर लेखी मिळेल. भरपाई रब्बीच्या पेरणीआधी खात्यात येईल. सातबाऱ्यावर नाव नसलेली कसणारी बाई आणि बटाईदार यांनाही ती मिळेल.

त्यासाठी आम्ही पेरणीनंतर, पावसाच्या खंडात आणि शेंगा भरताना शिवारफेरी काढू. गट क्रमांक, तारीख आणि ठिकाण यांसह पिकाचे फोटो ठेवू. उपग्रहाचा नकाशा वाचणारी दोन मुले-मुली प्रत्येक गावात तयार करू. सरकारी आकडा आणि गावाची नोंद ग्रामसभेत शेजारी-शेजारी मांडू.

येत्या खरिपात तुमच्या गावाची पहिली शिवारफेरी ठरवा. हा जाहीरनामा ग्रामसभेत वाचा, ठराव करा आणि आमच्यात सामील व्हा.