औषध पखालीला

चेन्नईतले कोळत्तूर ही रंगीत माशांची पेठ. समुद्री टाकीचे वेड लागलेला हौशी माणूस अशा पेठेत जातो, ‘टाकीत शेवाळ माजलंय, काहीतरी औषध द्या’ म्हणतो आणि बाटली घेऊन घरी येतो. शेवाळ कसले, हे त्याने सांगितलेले नसते आणि त्याला कोणी विचारलेलेही नसते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

मुळात ‘शेवाळ’ या एका नावाखाली ज्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही असे जीव आपण कोंबले आहेत. नव्या टाकीत वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटी बसते ती डायटमची. पाण्यातल्या सिलिकेटवर ते वाढतात आणि सिलिकेट संपले की बहुधा आपणच ओसरतात. त्यांच्यावर खर्च करणे म्हणजे पैसे बुडवणे. किरमिजी, बुळबुळीत आणि साय निघावी तसा अखंड निघणारा, वर घाण वास मारणारा थर मात्र सायनोबॅक्टेरियाचा. तो शेवाळ नव्हेच, जिवाणू आहे. म्हणून तर एरिथ्रोमायसिन ओतले की तो दोन-चार दिवसांत नाहीसा होतो आणि औषधाचा गवगवा होतो. माणसाला जे प्रतिजैविक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असा कायदा आहे, ते माशांच्या नावाने टाकीत ओतायचे आणि पाणी बदलताना गटारात सोडायचे, याला हौस म्हणत नाहीत. हिरवे, केसांसारखे वाढते ते खरे शेवाळ. ते हाताने उपटता येते, शंखगोगलगायी खातातही. पण त्याच्यासारखेच दिसणारे, पिसासारखी पाती असलेले ब्रायोप्सिस त्या सहसा तोंडात धरत नाहीत. तेव्हा आधी भिंग घ्यावे, पाकीट नंतर उघडावे.

हिरव्या केसांचे खाद्य नायट्रेट आणि फॉस्फेट. ते येते कुठून? बरेचसे आपणच ओततो. चेन्नईच्या अनेक इमारतींत नळाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी एकाच हौदात पडते. त्यात काय आहे हे देवच जाणे. म्हणून लोक मीठ कालवायला ‘आरओचे पाणी’ घेतात आणि निश्चिंत होतात. स्वयंपाकघरातल्या बहुतेक आरओ यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळण्याची सोय असते. चहाला ते उत्तम, टाकीला घातक. टाकीसाठी आरओच्या पडद्यानंतर रेझिनचा टप्पा हवा आणि टीडीएसच्या मीटरवर शून्य दिसायला हवे. (पूंडी, चोळावरम, पुळल, चेंबरम्बाक्कम हे चारही तलाव 2019 च्या उन्हाळ्यात जवळजवळ कोरडे पडले होते. त्याच शहरात एक लिटर शुद्ध पाण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडायचे, याचाही हिशेब हौशी मंडळींनी एकदा करावा.) दुसरी वाट खाण्याची. गोठवलेल्या कोळंबीची वडी वितळल्यावर तिचे पाणी तसेच टाकीत उपडे करण्याची सवय दिसते. ती वडी चहाच्या गाळणीत धुऊन घेतली तरी पुष्कळ काम होते.

इथवर ‘स्वच्छता ठेवा’ एवढेच सांगणे झाले. पण सगळ्यांत चिवट उपद्रव अतिस्वच्छतेतून होतो. नायट्रेट, फॉस्फेट पार शून्यावर आणले की प्रतिस्पर्धी उपाशी मरतात आणि मोकळ्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट पसरतात. तपकिरी, शेंबडासारख्या तारा, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, रात्री ओसरून दुपारपर्यंत पुन्हा दाट, ही त्यांची खूण. थोडे पाणी बाटलीत घेऊन खळखळा हलवावे, कॉफी गाळायच्या कागदातून गाळावे आणि तासभर उजेडात ठेवावे. गाळलेल्या नितळ पाण्यात पुन्हा तारा जमल्या तर संशयाला जागा राहत नाही. अशा वेळी पाणी बदलत राहणारा माणूस आगीत तेल ओततो. बदल थांबवून नायट्रेट-फॉस्फेट थोडे चढू देणे हा उपाय आहे, पण तो बाटलीत मिळत नाही.

गंमत पाहा. ऑगस्ट 2019 मध्ये तिरुवान्मियूर, बेसंट नगरच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या उजळल्या तेव्हा अर्धी चेन्नई मोबाइल घेऊन धावली. ती करामत नॉक्टिल्युकाची, म्हणजे याच डायनोफ्लॅजेलेटांच्या गोतातली. आणि प्रवाळाला रंग व बरेचसे अन्न देणारे, त्याच्या अंगातच राहणारे सूक्ष्म शेवाळही त्याच गोतातले. ‘सगळे शेवाळ मारून टाका’ म्हणणाऱ्याला आपण काय पाळतो आहोत हेच ठाऊक नसते. दगडी प्रवाळ तर 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते घरी ठेवणे गुन्हा आहे, ही गोष्ट खरेदीच्या वेळी दोन्ही पक्ष सोयीने विसरतात.

राहिला उपटलेल्या शेवाळाचा प्रश्न. मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात 1984 मध्ये कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक छोटा ठिपका दिसला. मत्स्यालयातले हे शोभेचे शेवाळ पुढे फ्रान्स, इटली, स्पेन, क्रोएशियाच्या किनाऱ्यांवर पसरले. कॅलिफोर्नियात 2000 मध्ये ते सापडताच ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून मारावे लागले, आणि निर्मूलन जाहीर व्हायला 2006 उजाडले. आपल्याकडे मन्नारच्या आखातात, क्रुसडाई बेटाजवळ, शेतीसाठी आणलेल्या कप्पाफायकस शेवाळाने जिवंत प्रवाळ झाकल्याची नोंद 2008 मध्ये झाली. चेन्नईची गटारे आणि पावसाळी नाले कूवम, अड्यार, बकिंगहॅम कालव्यातून अखेर समुद्रालाच मिळतात. तेव्हा टाकीतले शेवाळ मोरीत टाकू नये. गच्चीवर वर्तमानपत्रावर पसरून कडकडीत वाळवावे आणि मग कचऱ्यात द्यावे. चेन्नईच्या उन्हात त्याला एक दुपार पुरे.