सातवीतल्या मुलीच्या हातात 'बलुतं'

वडप्यात नाशिक हायवेवर गोदामांच्या ट्रकांची रांग लागलेली आणि ओट्यावर माझी सातवीतली भाची 'बलुतं' वाचत बसलेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे पोरीच्या हातात कशाला?" मोबाईलवर ती काय बघते, हे मात्र कुणी विचारत नाही!

मी पुस्तक काढून घेतलं नाही. दया पवारांचं हे आत्मकथन १९७८ चं. त्यात त्यांचं बालपण आहे. मुंबईतली कावाखाना वस्ती, गावचा महारवाडा. जे एका मुलाला सोसावं लागलं, ते दुसऱ्या मुलाने वाचूही नये?

सगळं तिला कळत नाही, मान्य. मग ती विचारते, "मावशी, अजून असं वागवतात का?" तेव्हा हातातलं काम सोडून खरं उत्तर द्यावं लागतं. मोठ्यांना नेमकं तेच जड जातं. सुट्टीत मी तिला 'बनगरवाडी' ही कादंबरी वाचायला देणार आहे.