‘ढ’ नावाची जात



आमच्या वस्तीतलं एक पोरगं चौथीत आहे. बापाच्या हातगाडीवरचा हिशेब तोंडी चोख करतं. पण फळ्यावरचं ‘कमळ’ त्याच्या वहीत ‘मकळ’ होतं. तीन वर्षं बाई म्हणाल्या, लक्ष नाही. चौथ्या वर्षी हेडमास्तरांनी आईला बोलावलं. ‘तुमच्याकडं अभ्यासाचं वातावरण नसतं. नाव काढून घ्या, दुसरीकडं बघा.’ ‘तुमच्याकडं’ म्हणजे कुणाकडं, हे तिला विचारावं लागलं नाही. धुणीभांडी करणारी बाई, अर्ध्या दिवसाचा खाडा पदरात घेऊन परत आली.

सोसायटीतल्या पोरानं अक्षरं मागंपुढं केली की त्याला डिस्लेक्सिया होतो. डॉक्टर येतो, सर्टिफिकेट येतं, परीक्षेत जादा वेळ मिळतो. मिळू दे. त्या पोराशी आमचं भांडण नाही. आमचं पोरगं तेच करतं तेव्हा ‘ढ’ होतं. कारण शोधायची गरजच नाही, कारण आडनावात तयार असतं.

आणि साहेब लोक म्हणतात, पालक-शाळा तंटे सामोपचारानं मिटवा. अरे, मिटवायला आधी तंटा कागदावर तर येऊ द्या! मान खाली घालून परत आलेल्या आईचा तंटा कुठल्या रजिस्टरात आहे?

कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. 2009 चा शिक्षण हक्क कायदा, कलम 16: प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, पोराला शाळेतून काढता येत नाही. कलम 32: लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडं, शहरात महापालिकेकडं. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील. 2016 चा अपंग हक्क कायदा, त्याचंही कलम 16: शिकण्यातली अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि त्यावर उपाय करणं हे शाळेचं काम. शाळेचं, आईचं नाही.

इथं कारकून हमखास म्हणतो, ‘चाळीस टक्के भरत नाही.’ चाळीस टक्क्यांची अट राखीव जागांना आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाच्या कलम 31 ला आहे. कलम 16 ला नाही. 2021 साली विकास कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टानं लेखनिकाच्या बाबतीत हेच ठणकावलं. एवढं पाठ करून जा, कारकून गप्प बसतो.

पण कायद्याच्या आरत्या ओवाळायला आम्ही बसलेलो नाही. राज्याच्या अपंग आयुक्तांना साक्षीदार बोलावायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टाचे अधिकार आहेत. शेवटी हातात येते ती शिफारस. समोरच्या खात्यानं तीन महिन्यांत कारण कळवून ती नाकारली तरी चालतं. आणि कार्यालय पुण्याला. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या बाईनं गाडीभाडं आणि खाडा किती वेळा सोसायचा? दहा पोरांमागं एक विशेष शिक्षक, पाचवीनंतर पंधरांमागं एक, असं सुप्रीम कोर्टाच्या 2021 च्या आदेशानंतर केंद्र सरकारनं 2022 ला ठरवलं. मार्च 2025 ला कोर्टाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं. शिक्षकच नसेल तर तंटा जिंकून पोराच्या हाती काय, निकालाचा कागद? मध्ये शब्द मात्र बदलला: ‘दिव्यांग’. आम्हाला ‘हरिजन’ केलं होतं तसंच.

आपलंही बोलू. जातीवर आपण रात्र रात्र भांडतो, आणि आपल्याच गल्लीतल्या बहिऱ्या पोरीला ‘मुकी’ म्हणून हाक मारतो. ती शाळेत का जात नाही, हे किती जणांनी विचारलं? आम्हीही नव्हतं विचारलं.

तेव्हा कामाला लागा. प्रत्येक शाखेतून दोघांनी आईसोबत जायचं. अर्ज मराठीत, साधा. पोरगं काय करू शकतं, कुठं अडतं, शाळा कोणत्या तारखेला काय म्हणाली, काय मदत हवी. दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तोंडी आश्वासनावर, चहावर परत यायचं नाही.

आम्ही गेलो होतो. खिडकीतल्यानं विचारलं, ‘तुम्ही पोराचे कोण?’ आम्ही म्हणालो, ‘मामा.’ दोघंही? ‘दोघंही.’ शिक्का मारायला त्याला पाऊण तास लागला. पोरगं अजून त्याच वर्गात बसतंय, आणि आम्ही तीन महिन्यांतला एकेक दिवस मोजतोय.