'खंदककला' खंदकात घडली नाही

पहिल्या महायुद्धातील तोफगोळ्याच्या पितळी पुंगळीवर पानेफुले कोरून केलेली फुलदाणी कुणी समाजमाध्यमांवर दाखवली, की सोबतचा मजकूर ठरलेला असतो : चिखलाच्या खंदकात, डोक्यावरून गोळे जात असताना, घराच्या आठवणीने व्याकूळ सैनिकाने ही घडवली. इंग्रजीत या वस्तूंना 'ट्रेंच आर्ट' म्हणजे खंदककला हे नाव पडले आणि त्या नावानेच खऱ्या कारागिरांचा घात केला.

पुण्याच्या तांबट आळीतून एकदा गेलेल्या माणसालाही ही कथा पटू नये. पुंगळीत शिसे किंवा डांबर ओतून ती भरीव करायची, छिन्नी-हातोडीने ठिपक्याठिपक्याने नक्षी उठवायची, मग तापवून आतले भरण काढायचे. त्याला विस्तव हवा, पक्की बैठक हवी, उसंत हवी. शत्रू हाकेच्या अंतरावर असताना असा ठणठणाट कोण करील? शिवाय रिकाम्या पुंगळ्या सरकारी मालमत्ता होत्या. पुन्हा भरण्यासाठी त्या परत पाठवायच्या असत. त्या हाती लागत त्या आघाडीमागच्या तोफखान्यातील आणि दुरुस्तीशाळांतील माणसांच्या.

खंदकात काहीच घडले नाही, असे मात्र नव्हे. जर्मन गोळ्यांच्या फ्यूजमधील ॲल्युमिनियम वितळवून फ्रेंच सैनिकांनी अंगठ्या केल्या. त्या खिशात मावत. फुलदाणीचे तसे नाही.

आता या कथेने ज्यांना पुसून टाकले, त्यांच्याविषयी. ब्रिटनने चीनमधून सुमारे 95,000 मजूर पश्चिम आघाडीवर नेले. 1918 च्या युद्धबंदीनंतर सैनिक घरी परतू लागले. हे मजूर मात्र पुढेही न फुटलेले गोळे उचलत, खंदक बुजवत, प्रेते पुरत राहिले. ड्रॅगन कोरलेल्या पुंगळ्या त्यांच्या हातच्या. फ्रान्समधील नॉयेल-सूर-मेरच्या दफनभूमीत आठशेहून अधिक चिनी मजूर आहेत. फुलदाणीखालच्या भावुक मजकुरात एकही नाही.

बेल्जियममधील ईप्रच्या परिसरात परतलेल्या उद्ध्वस्त कुटुंबांनीही याच भंगारावर पोट भरले. 1920 च्या दशकात मुलाची वा पतीची कबर पाहायला आलेल्या बायका त्यांच्याकडून अशा वस्तू विकत घेत. पुंगळीच्या बुडावरचा शिक्का खराच असे, पण तो पुंगळी कधी बनवली एवढेच सांगतो. नक्षी कुणी आणि कधी कोरली, याचा पुरावा म्हणून तोच शिक्का आजही बिनदिक्कत पुढे केला जातो.