१९५२ चा बंपर एवढा चमकतो कसा?

(धागा थोडा मोठा आहे, सवडीने वाचावा.)

जुन्या मोटारींच्या एका प्रदर्शनात १९५२ सालच्या एका शेव्हरोलेपाशी मी बराच वेळ रेंगाळलो. बंपर, पुढची जाळी, दारांवरच्या पट्ट्या, दिव्यांभोवतीची कडी, सारे आरशासारखे लखलखत होते. मालक वयस्कर आणि अगत्यशील. ते कौतुकाने म्हणाले, "कारखान्यातून निघाली तेव्हासुद्धा एवढी चमकत नव्हती!" त्यांच्या दृष्टीने ही गाडीची स्तुती होती. माझ्या मनात मात्र ते वाक्य खुपत राहिले.

कारण त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते.

आधी थोडे धातूविषयी. आपण ज्याला सरसकट 'क्रोम' म्हणतो तो बहुधा तीन थरांचा मुलामा असतो: पोलादावर तांबे, तांब्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियमचा पापुद्रा. हा पापुद्रा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. पोलादाला गंजापासून वाचवण्याचे खरे काम निकेल करते. जी खोल झळाळी आपल्याला दिसते तीही बरीचशी निकेलचीच. क्रोमियम तिला निळसर छटा देते आणि निकेलला काळवंडू देत नाही.

जून १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटले. जेट इंजिनांच्या उष्णतारोधक मिश्रधातूंना निकेल हवे, म्हणून अमेरिकी सरकारने नागरी वापराच्या निकेलवर निर्बंध घातले. मोटार कंपन्यांना चकाकी सोडवेना. त्यांनी निकेलचा थर नाममात्र ठेवला किंवा वगळला, आणि तांब्यावरच क्रोम चढवले. असा मुलामा फार टिकत नसे. १९५१–५२ च्या कित्येक गाड्या थोड्याच काळात निस्तेज झाल्या, त्यांच्यावर गंजाचे ठिपके उमटले. (अमेरिकी मोटारी भारतीयांना अपरिचित नव्हत्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ मध्येच सुरू झाला होता.)

म्हणजे त्या वर्षीच्या बंपरचे निस्तेज असणे ही केवळ निगराणीतली हेळसांड नव्हे. दूरच्या एका युद्धाने सामान्य ग्राहकाच्या दारापर्यंत पाठवलेली ती खूण आहे. आपण ताम्रपटावरची अक्षरे वाचण्यासाठी जीव टाकतो. इथे धातू स्वतःच बोलत असताना त्याला घासून गप्प करतो.

याहून बोलके उदाहरण १९४२ चे. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, जानेवारी १९४२ मध्ये तयार होणाऱ्या अमेरिकी मोटारींवर बंपरसारखे अपवाद वगळता चकाकत्या पट्ट्या लावण्यास मनाई झाली. पट्ट्या रंगवून बसवल्या गेल्या. फेब्रुवारीत तर नागरी मोटारींचे उत्पादनच थांबले. जेमतेम काही आठवड्यांत बनलेल्या या गाड्या. आज त्यांतल्या एखादीचा रंग खरवडून तिथे क्रोम चढवले, तर गाडी सुंदर दिसेल, पण त्या आठवड्यांचा पुरावा कायमचा जाईल.

आणखी मागे गेलो तर घोळ वाढतो. क्रोम मोटारींवर सर्रास दिसू लागले ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी निकेल, त्याही आधी पितळ. १९०७ ते १९२६ या काळात बनलेल्या रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्टवर निळसर क्रोम पाहिले की मला पेशवाईवरच्या नाटकात भिंतीवर विजेचे बटण दिसल्यासारखे वाटते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला वजनदार वाटतो. आपल्या आज्यांनी तांब्यापितळेच्या भांड्यांना दरवर्षी कल्हई लावून घेतली, तेव्हा कोणी 'इतिहास पुसला' असे म्हणाले नाही. मग बंपरचेच एवढे कौतुक का? मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनींचे पाहा. ज्या टॅक्सीचा बंपर पोट भरता भरता पुन्हा प्लेटिंगला गेला, त्या टॅक्सीची ती डागडुजीच तिचा इतिहास आहे. तिथे माझी काहीच तक्रार नाही. वापरातल्या वस्तूला नूतनीकरणाचा हक्क असतो. पण जी गाडी दोरीपलीकडे उभी राहून 'अस्सल १९५२' अशी पाटी मिरवते, तिने कल्हईचा दाखला देऊ नये. वास्तूंच्या बाबतीत १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगून ठेवले आहे की जिथे तर्कबाजी सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. मोटारींना वेगळा न्याय लावण्याचे कारण मला दिसत नाही.

पुन्हा प्लेटिंग म्हणजे काय, हेही पाहावे. जुना मुलामा रसायनात उतरवतात, मग बफिंगच्या चाकावर धातू घासतात. त्यात मूळच्या कडा बोथट होतात, ठसे पुसट होतात. पारंपरिक हौदातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे; त्याच्या वाफाऱ्यात वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या कामगारांच्या नाकातील पडद्याला भोके पडल्याची नोंद वैद्यकाने फार पूर्वीच केली आहे. प्रदर्शनातल्या पाटीवर यातले काही नसते.

मग काहीच करू नये का? करावे, पण आधी धातू ओळखावा. तांबूस ठिपके असतील तर खाली पोलाद आहे. पांढरे, भुसभुशीत फोड असतील तर बहुधा जस्ताचे ओतकाम. लोहचुंबकावर विसंबू नये. काही प्रकारचे स्टेनलेस स्टीलही त्याला चिकटते. स्टेनलेसची पट्टी आतबाहेर एकच धातू असल्याने ती पॉलिश करून मूळ रूपात आणता येते. क्रोमचे तसे नाही. कडक पॉलिशने पापुद्राच झिजतो. ठिपक्यांपुरता उपाय साधा आहे: स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद चुरगाळून, पाण्यात बुडवून, हलक्या हाताने घासावा, पुसून कोरडे करावे आणि वर मेण लावावे. आरसा होत नाही. गंजाची वाढ मात्र मंदावते.

त्या दिवशी निघताना मी मालकांना विचारले, आधीचा बंपर कसा होता? त्यांनी मोबाइल काढून बरेच मागे जात एक छायाचित्र शोधले: गोठ्यासारख्या अंधाऱ्या जागेत उभी गाडी, बंपरवर करडे, तांबूस डाग. "बघा, काय दशा होती!" ते म्हणाले. ते छायाचित्र छापून गाडीशेजारी लावाल का, असे मी विचारले. ते हसले. पण मला मात्र त्यांनी ते लगेच पाठवले.